डॉस ६ चा नवा बॅकअप: शनिवारच्या फ्लॉप्यांवर सोमवारचा बॅकअप घेऊ नका

सांगली, एप्रिल १९९४

सप्रेम नमस्कार.

मार्च एंडच्या धांदलीत बऱ्याच ग्राहकांच्या मशीनवर आम्ही डॉस ६, म्हणजे मशीन चालवणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या मूळ प्रोग्रॅमची नवी आवृत्ती, चढवले. तेव्हापासून रोज फोन येतात: जुनी बॅकअप कमांड कुठे गेली? हे नवे कसे चालवायचे? दिवाणजींच्या टेबलावर ठेवता यावा म्हणून हा कागद छापला आहे.

जुनी बॅकअप कमांड डॉस ६ सोबत येत नाही. तिच्या जागी मायक्रोसॉफ्टने सिमँटेक कंपनीकडून घेतलेला एमएसबॅकअप हा प्रोग्रॅम दिला आहे. जुन्या कमांडने भरलेल्या फ्लॉप्या मात्र टाकून देऊ नका. त्यांची डिरेक्टरी पाहिली तर बॅकअप.००१ आणि कंट्रोल.००१ अशा दोनच फाइल दिसतात. एमएसबॅकअपला त्या वाचता येत नाहीत, पण त्यासाठीच रिस्टोअर ही जुनी कमांड डॉस ६ मध्ये ठेवली आहे. मागच्या वर्षांची खतावणी लागली तर तिनेच परत चढवायची.

आता ज्या चुकीपायी आमचे आणि तुमचे सर्वांत जास्त तास जातात, ती चूक.

शनिवारी संध्याकाळी पूर्ण बॅकअप घेतला, चार फ्लॉप्या भरल्या. सोमवारी ऑपरेटरने बदललेल्या फाइलींचा बॅकअप सुरू केला आणि शनिवारचीच एक नंबरची फ्लॉपी घातली. या फ्लॉपीवर आधीच बॅकअप आहे, असे स्क्रीनवर आले. ऑपरेटरने 'ओव्हरराइट' निवडले. प्रोग्रॅमने सांगितले तसे केले. शनिवारच्या संचातली पहिली फ्लॉपी गेली आणि उरलेल्या तीन निराधार झाल्या.

असे का होते, हे आम्हाला पुरते कळते. इतकी वर्षे कॉपी कमांडची सवय आहे. तीच फ्लॉपी घालायची, त्याच नावाची फाइल नवी होते, बाकीच्या जागच्या जागी राहतात. बॅकअपचे तसे नाही. बॅकअपचा नवा संच फ्लॉपी कोरी धरूनच लिहायला सुरुवात करतो. जुनी कमांडसुद्धा सोबत 'ए' स्विच (कमांडपुढे जोडायचा /A) दिला नाही तर असेच करायची. आमच्या एका व्यापारी ग्राहकाची हार्डडिस्क नेमकी अशा आठवड्यात गेली. कागदी व्हाउचरवरून सगळ्या नोंदी पुन्हा मारायला दोन माणसे तीन रात्री बसली होती.

म्हणून लाल लेबलाच्या फ्लॉप्या पूर्ण बॅकअपच्या, निळ्या लेबलाच्या रोजच्या. लाल फ्लॉप्यांचे दोन संच ठेवा आणि आलटून पालटून वापरा, म्हणजे नवा पूर्ण बॅकअप चालू असताना लाइट गेली तरी जुना शाबूत राहील. संच पूर्ण झाला की साडेतीन इंची फ्लॉपीची खिटी सरकवून भोक उघडे करा. सव्वापाच इंचीची खाच चिकटपट्टीने झाका. मग कोणी चुकून 'ओव्हरराइट' निवडले तरी लिहिले जाणार नाही. लेबल फ्लॉपीवर चिकटवण्याआधीच लिहा. चिकटवल्यावर बॉलपेनने दाबून लिहिले तर आतल्या चकतीवर वळ उठतात.

नव्या प्रोग्रॅममध्ये बॅकअपचे तीन प्रकार आहेत: फुल, इन्क्रिमेंटल आणि डिफरन्शियल. फाइल बदलली की डॉस तिच्यावर एक खूण करतो. फुल आणि इन्क्रिमेंटल ती खूण पुसतात, डिफरन्शियल तशीच ठेवतो. त्यामुळे इन्क्रिमेंटलमध्ये मागच्या बॅकअपनंतर बदललेले तेवढेच येते, आणि परत चढवताना शनिवारचा फुल व त्यानंतरचा प्रत्येक संच क्रमाने लागतो. एक संच हरवला की साखळी तुटली. डिफरन्शियलमध्ये फुलनंतर बदललेले सगळे दर वेळी येते. परत चढवताना फुल आणि शेवटचा डिफरन्शियल, एवढे दोनच संच पुरतात.

हिशेबाच्या कामात रोज त्याच पाच-दहा फाइली बदलतात, म्हणून आम्ही डिफरन्शियल लावून देतो. निळ्या फ्लॉप्यांचेही दोनच संच आलटून पालटून वापरले तरी भागते. रोजच्या बॅकअपला फ्लॉप्या वाढत चालल्या, की नवा फुल घ्यायची वेळ झाली असे समजा.

तुमच्या मशीनवर आम्ही 'हिशेब' नावाचा सेटअप करून ठेवला आहे. त्यात फक्त डेटाच्या डिरेक्टऱ्या निवडल्या आहेत, कारण डॉस आणि अकाउंटिंगच्या मूळ फ्लॉप्या तुमच्याकडे आहेतच. भरलेली ४० एमबीची हार्डडिस्क जशीच्या तशी घ्यायची म्हटली तर १.२ एमबीच्या पस्तीसेक फ्लॉप्या लागतील. नुसता डेटा कॉम्प्रेस करून बहुतेकांचा पाच-सहा फ्लॉप्यांत बसतो. फुल आणि रोजचा, दोन्ही याच सेटअपमधून घ्या, प्रकार तेवढा बदला. व्हेरिफाय (लिहिलेले पुन्हा वाचून तपासणे) आणि एरर करेक्शन (फ्लॉपी थोडी बिघडली तरी डेटा सावरता यावा यासाठीची सोय) चालू ठेवले आहे. त्याने वेळ आणि थोडी जागा जास्त लागते, पण ते बंद करू नका.

प्रत्येक बॅकअपची यादी, म्हणजे कॅटलॉग, हार्डडिस्कवर राहते आणि तिची प्रत संचाच्या शेवटच्या फ्लॉपीवर जाते. हार्डडिस्कच गेली तर एमएसबॅकअपच्याच रिस्टोअर भागातल्या 'रिट्रीव्ह'ने ती शेवटच्या फ्लॉपीवरून काढता येते. त्या फ्लॉपीवर ठळक अक्षरात 'शेवटची' असे लिहा. सीसी४०४०२ए.एफयूएल असे नाव दिसले तर घाबरू नका: सी ड्राइव्हपासून सी ड्राइव्हपर्यंत, साल १९९४, चौथा महिना, दोन तारीख, त्या दिवसाचा पहिला बॅकअप, प्रकार फुल. आधी महिना आणि मग तारीख येते, तिथे आपली माणसे हमखास चुकतात.

डॉस चढवताना आम्ही दोन कोऱ्या फ्लॉप्या मागून 'कम्पॅटिबिलिटी टेस्ट' करतो. त्यात वेळ जातो म्हणून काही जण कुरकुरतात. पण एमएसबॅकअप फ्लॉपी ड्राइव्हला नेहमीपेक्षा वेगाने राबवतो आणि हा वेग प्रत्येक असेम्बल्ड मशीनला पेलतोच असे नाही. टेस्ट पास झाल्याशिवाय आम्ही मशीन ताब्यात देत नाही, पुढेही देणार नाही. फ्लॉपी ड्राइव्ह बदलला तर ही टेस्ट पुन्हा करून घ्या.

१.२ एमबीच्या ड्राइव्हमध्ये ३६० केबीच्या जुन्या फ्लॉप्या बॅकअपला वापरू नका. त्या ड्राइव्हचे हेड अरुंद रेघ लिहिते, दुसऱ्या मशीनच्या ३६० केबीच्या ड्राइव्हला ती नीट वाचता येईलच असे नाही. पावसाळ्यात फ्लॉप्यांना बुरशी धरते, तेव्हा डबा कोरड्या कपाटात ठेवा आणि एक लाल संच घरी न्या.

वार्षिक देखभाल करारात मशीन आणि सेटअप येतो. ओव्हरराइट झालेल्या संचातून फाइली शोधून काढायच्या कामाचे पैसे मात्र आम्ही वेगळे घेतो, कारण त्यात आमच्या माणसाचा अख्खा दिवस जातो आणि हाती किती लागेल ते आधी सांगता येत नाही.

फॉरमॅट करून तपासलेल्या दहा फ्लॉप्यांची पेटी लाल-निळ्या लेबलांसह दुकानात मिळेल. करार असलेल्या ग्राहकांच्या नव्या ऑपरेटरला आम्ही तासभर बसवून बॅकअप आणि रिस्टोअर दोन्ही शिकवतो, त्याचे पैसे नाहीत. येताना त्याच्यासोबत मागच्या शनिवारचा लाल संच पाठवा. तो वाचता येतो का, हे त्याच्यासमोरच आमच्या मशीनवर पाहून घेऊ.