जुनी टर्बो मूनी घेतलीत? विमान नावावर करण्यापासून स्वतः उडवण्यापर्यंतची कागदपत्रं

अमेरिकेत चार सीटचं जुनं विमान नावावर करणं हे पुण्यात रीसेलचा फ्लॅट घेण्यापेक्षा सोपं आहे. ना स्टँप ड्यूटी, ना सब-रजिस्ट्रारच्या दारातली रांग. घोळ पुढे होतो. विमान तुमच्या नावावर झालं म्हणजे तुम्हाला ते उडवता येतं असं नाही, आणि ही दुसरी पात्रता बरेच जण पैसे दिल्यावर तपासतात.

उदाहरणाला मूनी एम२०के घेऊ, जिला सगळे ‘२३१’ म्हणतात. टेक्सासातल्या केरव्हिलच्या कारखान्यातून १९७९ पासून बाहेर पडलेलं हे विमान. कॉन्टिनेंटल कंपनीचं २१० हॉर्सपॉवरचं टर्बो इंजिन (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारी चक्की), आत जाणारी चाकं, २४,००० फुटांची कमाल उंची.

नोंदणी कोणाच्या नावावर होते?

अमेरिकी नागरिकाच्या किंवा ग्रीन कार्डधारकाच्या. एच-१बी वर असाल तर थेट स्वतःच्या नावावर होत नाही, मग पायलट लायसन्स असो वा नसो. आपल्यातले बरेच जण इथेच अडतात. यावरची रुळलेली वाट म्हणजे ट्रस्ट: कागदोपत्री मालक ट्रस्टी, लाभार्थी तुम्ही. ट्रस्टी मात्र नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला हवा. मित्रांनी मिळून भागीदारी संस्था काढली तर झाडून सगळे भागीदार नागरिक लागतात. एक जण जरी ग्रीन कार्डवर असला तरी ती संस्था नागरिक धरली जात नाही.

आधी सर्च, मग सही

देशातल्या सगळ्या विमानांची मालकी-नोंद एफएए या हवाई वाहतूक खात्याच्या ओक्लाहोमा सिटीतल्या रजिस्ट्रीत असते. तिथे टायटल सर्च करून घ्या. जुन्या मालकाने फेडलेलं, पण कागदावरून न उतरवलेलं कर्ज बोजा म्हणून तसंच पडून असू शकतं. त्याच जागी विमानाच्या मोठ्या दुरुस्त्यांची फाइलही मिळते. ती विमानाच्या लॉगबुकांशी ताडून बघा.

लॉगबुक वाचताना टर्बोवाल्यांनी एक गोष्ट मुद्दाम शोधायची: टर्बोच्या तोंडाशी एक्झॉस्ट पाइप धरून ठेवणारी व्ही-बँड क्लॅम्प. बांगडीएवढी वस्तू, पण ती तुटली तर लालभडक एक्झॉस्ट थेट इंजिनाच्या खोलीत शिरतो. स्पॉट-वेल्ड केलेल्या, अनेक तुकड्यांच्या क्लॅम्पवर एफएएच्या २०२३ च्या आदेशाने ५०० तासांची मर्यादा आली आहे. ‘क्लॅम्प कधी बदलली?’ या प्रश्नावर विकणारा आकाशाकडे बघू लागला, तर किमतीवर पुन्हा बोला.

अर्ज

कागद दोनच: ८०५०-२ हे विक्रीखत आणि ८०५०-१ हा नोंदणी अर्ज. फी कित्येक वर्षं ५ डॉलर राहिली आहे. पेट्रोल भरताना ती आठवून हसू येतं. अर्ज आता ऑनलाइनही भरता येतो. अर्ज परत येण्याची कारणं क्षुल्लक असतात. सहीखाली नाव छापलेलं नाही, नुसता पोस्ट बॉक्स लिहिला आणि राहत्या जागेचा पत्ता नाही, कंपनीच्या वतीने सही केली पण हुद्दा लिहिला नाही. विक्रीखतावरचं आणि अर्जावरचं नाव अक्षरन् अक्षर सारखं ठेवा. आपल्याकडे वडिलांचं नाव मध्ये असतं. एका कागदावर ते पूर्ण आणि दुसऱ्यावर नुसतं आद्याक्षर, ही चूक मी स्वतः केली होती. सुदैवाने पाठवण्याआधी लक्षात आली.

सर्टिफिकेट हाती येईपर्यंत अर्जाची प्रत विमानात ठेवून उडता येतं, पण देशाच्या हद्दीतच. कॅनडा किंवा मेक्सिकोला जायचं तर पक्कं सर्टिफिकेट लागतं, वर एफसीसी या दूरसंचार खात्याचं रेडिओ लायसन्सही. जानेवारी २०२३ पासून नोंदणी ३ ऐवजी ७ वर्षं चालते. पत्ता बदलला तर ३० दिवसांत कळवायचं. राज्याचा विक्रीकर हा वेगळा विषय, तो आधी विचारून ठेवा.

एअरवर्दीनेस सर्टिफिकेट विमानाबरोबरच येतं, नव्याने काढावं लागत नाही. ते, नोंदणी, विमानाचं मॅन्युअल आणि वजन-तोलाचा तक्ता या गोष्टी विमानातच असल्या पाहिजेत. इमर्जन्सी बीकनची (अपघातात सिग्नल पाठवणाऱ्या यंत्राची) नोंद मात्र तुमच्या नावावर पुन्हा करायची. ती फुकट आहे आणि हमखास विसरली जाते.

आता तुमची पात्रता

२३१ साठी तुमच्या स्वतःच्या लॉगबुकात इन्स्ट्रक्टरचे दोन शेरे लागतात. चाकं आत जातात, फ्लॅप्स आहेत आणि पुढच्या पंख्याच्या पात्यांचा कोन बदलतो, म्हणून ‘कॉम्प्लेक्स’. इंजिन २०० हॉर्सपॉवरच्या वर, म्हणून ‘हाय-परफॉर्मन्स’. नियमात ‘२०० पेक्षा जास्त’ असं आहे. त्यामुळे हिचीच बहीण, बरोब्बर २०० ची मूनी २०१, तासन् तास उडवली असली तरी दुसरा शेरा आपोआप येत नाही. शेरे एकदाच घ्यायचे असतात, त्यांना मुदत नाही. २५,००० फुटांच्या वर जाणाऱ्या, प्रेशराइज्ड केबिनच्या विमानांना तिसरा शेरा लागतो. ही त्यात बसत नाही.

पण उंची वापरायची तर आणखी अटी आहेत. १८,००० फुटांपासून वर इन्स्ट्रुमेंट रेटिंग (बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याची पात्रता) हवंच, आणि नागरिक नसाल तर त्या प्रशिक्षणाआधी टीएसए या वाहतूक सुरक्षा खात्याची परवानगी, ग्रीन कार्ड असलं तरी. नेहमीच्या मेडिकल सर्टिफिकेटऐवजी बेसिकमेड या सोप्या पर्यायावर उडत असाल तर १८,००० च्या वर जाताच येत नाही. ऑक्सिजन: १२,५०० च्या वर अर्ध्या तासापेक्षा जास्त राहिलात तर पायलटला, १४,००० च्या वर पायलटला पूर्ण वेळ, १५,००० च्या वर प्रत्येक प्रवाशासाठी सोय.

केंद्रीय कायदा विमा मागत नाही, कर्ज देणारी बँक मागते. विमावाले तुमचे तास बघून इन्स्ट्रक्टरबरोबर अमुक तास उडा अशी अट घालतात. ती शिक्षा समजू नका. २३१ च्या टर्बोची वेस्टगेट, म्हणजे जादा एक्झॉस्ट बाजूने सोडणारी झडप, ठरावीक जागी बसवलेली असते, दाब आपोआप सांभाळणारं काही नाही. ते काम तुमच्या हाताचं. पहिल्या टेक-ऑफला मी जुन्या सवयीने थ्रॉटल एका दमात पुढे ढकलला. मॅनिफोल्ड प्रेशरचा (इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा) काटा ४० इंचांच्या लाल रेघेकडे धावला, आणि शेजारून एक हात माझ्या हातावर येऊन थ्रॉटल बोटभर मागे गेला. साध्या इंजिनात थ्रॉटल थांबला की काटा थांबतो. इथे टर्बो वेग घेत असल्याने तो नंतरही चढत राहतो. म्हणून आधी थांबायचं, काटा स्थिरावू द्यायचा, मग उरलेलं द्यायचं. आठव्या टेक-ऑफला शेजारचा हात मांडीवरच राहिला, आणि त्या दिवशी संध्याकाळी माझ्या लॉगबुकात दोन्ही शेरे आले.