बर्फात आरसी ट्रकची मोटर तापत नाही? उलट जास्तच तापते

‘बाहेर उणे १० अंश आहे, मोटर तापेलच कशी?’ रिमोट कंट्रोलच्या गाड्या चालवणाऱ्यांत हा समज वर्षानुवर्षे फिरतो आहे. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगल्या मोटरी जळतात.

मोटरमधली उष्णता बाहेरच्या हवेवर नाही, तर आतल्या तारेच्या गुंडाळीतून वाहणाऱ्या करंटवर ठरते. करंट दुप्पट झाला की गुंडाळीतली उष्णता चौपट होते. भुसभुशीत, खोल बर्फात ट्रकला सतत नांगरल्यासारखं पुढे जावं लागतं. चाकांत बर्फ गच्च बसतो, त्यांचं वजन वाढतं. वेग कमी आणि ओढ जास्त, म्हणजे मोटरसाठी सर्वांत वाईट अवस्था. थंड हवा बाहेरचं आवरण गार करते, पण आतली उष्णता तिथवर पोचायला वेळ लागतो. म्हणून हाताला आवरण कोमट लागलं तरी निर्धास्त राहू नका.

उपाय सोपा आहे: मोटरवर कमी दातांचा पिनियन (मोटरच्या दांड्यावरचं छोटं दातेरी चाक) बसवा, रुंद खाचांचे टायर घ्या, मधूनमधून थांबा.

‘वॉटरप्रूफ’ या शब्दावरही विसंबू नका. तो बहुधा फक्त इलेक्ट्रॉनिक्सपुरता असतो. बेअरिंग गंजतातच, त्यामुळे घरी आल्यावर ती वाळवून तेल द्या.

आणि एक, हे फार महत्त्वाचं: गारठलेली लायपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका. शून्याखाली चार्ज केल्यास आत धातुरूप लिथियम साचतं आणि बॅटरी धोकादायक होते. आधी ती खोलीच्या तापमानाला येऊ द्या.