एक टाळू डोक्यावरची, एक तोंडातली

मराठीत डोक्याच्या माथ्यालाही ‘टाळू’ म्हणतात आणि तोंडाच्या छतालाही. तरीही पहिल्या टाळूसाठी घेतलेल्या गोळीने तोंडाची चव गेली, असे कोणी सांगितले तर ऐकणारे ते मनाचे खेळ समजतात. निदान टर्बिनाफिन या बुरशीनाशक औषधाच्या बाबतीत तरी ही समजूत चुकीची आहे.

मुलांच्या डोक्यावर गजकर्ण झाले की केस मुळाशी तुटतात आणि वाटोळा चट्टा उघडा पडतो. घरची माणसे त्याला चाई म्हणतात, किंवा केसांना कीड लागली असे ठरवून त्यावर लसूण चोळतात. चाई हा रोगप्रतिकारशक्तीचा घोटाळा आहे आणि गजकर्ण ही बुरशी आहे. कीड दोन्हींत नसते. ही बुरशी केसाच्या मुळापर्यंत शिरत असल्याने नुसते मलम पुरत नाही, औषध पोटातूनच द्यावे लागते. टर्बिनाफिन बुरशीतील स्क्वालिन इपॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) अडवते, त्यामुळे तिच्या पेशीपटलाला लागणारे अर्गोस्टेरॉल तयार होत नाही. याच औषधाच्या, नखांच्या बुरशीवरील अमेरिकी चाचण्यांत २.८ टक्के रुग्णांची चव बिघडली. औषधविरहित गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ०.७ टक्के होते.

चव नेमकी कशामुळे बिघडते याचा उलगडा पूर्ण झालेला नाही, पण ती जाण्यायेण्याला आठवडे का लागतात हे समजण्यासाठी रुचिकलिकेकडे, म्हणजे जिभेवरच्या चव ओळखणाऱ्या पेशींच्या सूक्ष्म झुबक्याकडे, पाहावे लागते. एका कलिकेत साधारण ५० ते १०० पेशी असतात, आणि त्यांतील बहुतेकांचे आयुष्य दहा दिवसांपासून काही आठवड्यांपर्यंतचेच असते. जुन्या पेशी मरतात, तळाच्या पेशी विभागून नव्या घडवतात आणि चेतातंतू दर वेळी नव्या पेशींशी जोडणी करतात. म्हणजे कालचा आमटीचा घोट आणि महिन्यापूर्वीचा घोट आपण एकाच पेशींनी चाखलेला नसतो! ‘नवी पेशी घडव’ असे सांगणाऱ्या संदेशांपैकी एकाचे नाव हेजहॉग, आणि केसाच्या मुळाला सुप्तावस्थेतून वाढीला लावण्यासाठीही हाच संदेश लागतो. त्वचेच्या एका कर्करोगावर २०१२ साली अमेरिकेत मान्यता मिळालेले व्हिस्मोडेगिब नेमका हाच संदेश तोडते, आणि ते घेणाऱ्या निम्म्याहून अधिक रुग्णांचे केस गळतात, तशीच निम्म्याहून अधिक रुग्णांची चवही बिघडते. टर्बिनाफिन याच वाटेने जाते असा पुरावा नाही. मात्र केस आणि चव ही दोन्ही सतत चालणाऱ्या पेशीनिर्मितीवर कशी तगून असतात, हे व्हिस्मोडेगिबइतके स्वच्छ दुसरे कोणी दाखवत नाही.

टर्बिनाफिनने क्वचित वासही जातो, म्हणून नेमके काय गेले हे आधी पाहावे. नाक चिमटीत धरून बडीशेप चावली तर निरोगी माणसालाही थोडा गोडवा तेवढा कळतो, कारण तिचा स्वाद घशामागून नाकात चढणाऱ्या वासाचा असतो. मिठाचे पाणी खारट लागत असेल आणि बडीशेप मात्र नाक मोकळे ठेवूनही ओळखू येत नसेल, तर बिघाड नाकात आहे. मीठच लागत नसेल तर जिभेत.

असे काही जाणवल्यास डॉक्टरांना लगेच सांगावे, कारण क्वचित ही चव कायमची जाते आणि अन्न नकोसे होऊन वजन घटते. बहुतेकांची चव औषध थांबवल्यावर परतते, पण सावकाश: हे औषध चरबीत आणि केस-नखांतल्या केराटिन या प्रथिनात मुरते, आणि शरीरात उरलेल्या साठ्याचे अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा होण्याचा काळ, २०० ते ४०० तासांचे असते.