खर्जाची पेटी

होम थिएटरसाठी सबवूफर, म्हणजे फक्त खर्ज वाजवणारा स्पीकर, घ्यायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: किती इंची, किती वॅटचा? मला कुणी विचारलं तर मी आधी पेटीचं बोलतो. खर्ज पेटीत घडतो, आणि लहान बंद पेटीचा इतिहास एका गादीच्या कापडापासून सुरू होतो.

१९५० च्या सुमाराला घरात चांगला खर्ज हवा असेल तर कपाटाएवढी पेटी लागायची. कोनला, म्हणजे स्पीकरच्या मागेपुढे हलणाऱ्या शंकूला, जागेवर आणणारी कडेची स्प्रिंग ताठ असे आणि कोन जास्त हलला की आवाज फाटे. न्यूयॉर्क राज्यातल्या वुडस्टॉक गावी राहणाऱ्या एडगर विल्चर यांनी ही स्प्रिंग जवळजवळ काढूनच टाकली. कोन सैल सोडायचा, पेटी हवाबंद करायची आणि आत कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगचं काम द्यायचं. पहिल्या नमुन्यासाठी त्यांनी स्पीकरची मूळ कड कापली आणि त्यांच्या पत्नीने गादीच्या खोळीचं कापड वापरून नवी, मऊ कड शिवून दिली. १९५४ मध्ये त्यांचा विद्यार्थी हेन्री क्लॉस याच्यासोबत मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजला अकूस्टिक रिसर्च ही कंपनी निघाली. तिचा १२ इंची वूफरचा (वूफर म्हणजे खर्जाचा स्पीकर) ‘एआर-१’ पुस्तकांच्या फळीवर मावायचा.

याची किंमत ॲम्प्लिफायरला मोजावी लागली, कारण अशा पेटीला ताकद जास्त लागते. क्लॉसचे पुढचे भागीदार हॉफमन यांच्या नावाने एक नियमच आहे: लहान पेटी, खोल खर्ज आणि कमी वॅटमध्ये मोठा आवाज, यांतल्या दोनच गोष्टी मिळतात. तिन्ही देतो म्हणणाऱ्या जाहिरातीवर विश्वास ठेवू नका.

दुसरी जात पोर्टवाली. पेटीला नळी बसवून कोनच्या मागच्या बाजूचा आवाजही कामाला लावण्याची युक्ती अल्बर्ट थुरास यांची, तिचं पेटंट १९३२ चं. पण नळी किती लांब, पेटी किती मोठी, हे पुढची तीस वर्षं बरंचसं अंदाजपंचे चाले. १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या नेव्हिल थील यांनी पेटीकडे विजेच्या फिल्टरसारखं पाहिलं आणि सगळं गणित कोष्टकांत मांडून दिलं. लेख तिथल्याच नियतकालिकात छापला गेला आणि जगाने त्याची फारशी दखल घेतली नाही. अमेरिकेत तो पुन्हा छापायला १९७१ उजाडलं. सिडनी विद्यापीठात संशोधन करणाऱ्या रिचर्ड स्मॉल यांनी पुढच्या दोन वर्षांत ते काम पूर्णत्वाला नेलं. आज ड्रायव्हरच्या, म्हणजे पेटीत बसवायच्या सुट्या स्पीकरच्या, कागदावर एफएस (कोन स्वतःहून डोलतो ती कंपनसंख्या), व्हीएएस (कोनच्या टांगणीइतकीच लवचीक असलेल्या हवेचं आकारमान), क्यूटीएस (डोलणं किती लवकर थांबतं त्याचं माप) असे आकडे असतात, ते या दोघांचे. क्यूटीएस ०.३ ते ०.४ च्या आसपास असेल तर ड्रायव्हर साधारणपणे पोर्टच्या पेटीत रमतो, ०.५ च्या पुढे बंद पेटीत. घरी करवत घेऊन बसणाऱ्या माणसावर या गणिताचे फार उपकार आहेत.

मी १८ मिलिमीटर प्लायची पहिली बंद पेटी केली तेव्हा खर्ज पोकळ येत होता. वायरच्या भोकाशी ओला हात धरला तर प्रत्येक ठोक्याला हवेची बारीक फुंकर लागत होती. सिलिकॉन भरून ते बुजवलं आणि दुसऱ्या दिवशी दोन बोटांनी कोन हळूच दाबला, तेव्हा आतल्या हवेची गादी बोटांना जाणवली.

सिनेमाने मागणी वाढवली. १९७४ च्या ‘अर्थक्वेक’साठी युनिव्हर्सलने खर्जाने थिएटर हादरवणारं ‘सेन्सराउंड’ आणलं. हॉलिवूडच्या चायनीज थिएटरमध्ये हादऱ्याने छताचा गिलावा प्रेक्षकांवर पडू नये म्हणून जाळी बांधावी लागली होती. १९८७ मध्ये टॉमलिन्सन होल्मन यांनी ‘५.१’ हा आकडा सुचवला: पाच पूर्ण चॅनेल आणि एक खर्जाचा. खर्जाच्या चॅनेलला पूर्ण चॅनेलचा जेमतेम ०.००५ हिस्सा पुरतो, बोलायला सोपं म्हणून त्याचं .१ झालं. घरच्या रिसीव्हरवर दिसणारा ८० हर्ट्झचा (सेकंदाला ८० कंपनं) आकडा, म्हणजे ज्याखालचा आवाज सबवूफरकडे जातो ती सीमा, सिनेमाच्या आवाजाचा दर्जा ठरवणाऱ्या टीएचएक्सने रूढ केला. त्याखालचा आवाज कुठून येतो हे कानाला सहसा कळत नाही, म्हणून सबवूफर कोपऱ्यातही चालतो.

आपल्याकडे मात्र भिंतींचा विचार हवा. अमेरिकी घरांच्या लाकडी सांगाड्याच्या भिंतींतून बराच खर्ज बाहेर निसटतो. आपल्या विटा-काँक्रीटच्या खोल्या तो आत कोंडतात. १४ फुटी बंद खोलीत साधारण ४० हर्ट्झच्या खाली खोलीच खर्ज उचलून धरायला लागते. बंद पेटीचा आवाज तिथे हळूहळू उतरत असतो, त्यामुळे दोघांचा मेळ बसतो. पोर्टवाल्या पेटीचा उतार दुप्पट तीव्र, आणि उतार सुरू होतो त्याच्या वरच्या पट्ट्यात अशा खोलीत खर्ज घुमण्याची शक्यता जास्त. म्हणून फ्लॅटसाठी माझं मत १२ इंची वूफरच्या बंद पेटीला. जागा ठरवताना ती आधी सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवा, एकच खर्जाचा तुकडा लावा आणि भिंतीकडेने रांगत ऐका. जिथे खर्ज सर्वांत एकसारखा लागेल तिथे पेटी ठेवा.