न्यायाधीशांच्या नेमणुका आणि प्रो-लाइफ मतदारांची पक्षनिष्ठा (अमेरिका)

अमेरिकेत गर्भपाताला विरोध करणारे मतदार स्वतःला ‘प्रो-लाइफ’ म्हणवतात. १९८०नंतर या मतदारांचा मोठा गट रिपब्लिकन पक्षाच्या गोटात गेला. त्यांना तिथे धरून ठेवण्याचे काम जाहीरनाम्यातल्या आश्वासनांपेक्षा सर्वोच्च न्यायालयावरील नेमणुकांनी अधिक केले. उमेदवार पसंत असो वा नसो, उद्या न्यायाधीश कोण नेमणार एवढे पाहून मत टाकायचे, असा हा रोखठोक व्यवहार होता.

भारतीय वाचकाला हे थोडे चमत्कारिक वाटेल. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयातल्या नेमणुका कॉलेजियम सुचवते आणि न्यायाधीश ६५व्या वर्षी निवृत्त होतात, त्यामुळे निवडणुकीच्या प्रचारात हा विषय सहसा निघत नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष नाव सुचवतो, सिनेट त्यावर मतदान करते आणि न्यायाधीश तहहयात पदावर राहू शकतो. चार वर्षांसाठी निवडलेला माणूस तीस-तीस वर्षांचे न्यायालय घडवून जातो.

२२ जानेवारी १९७३ रोजी ‘रो विरुद्ध वेड’ खटल्यात न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी गर्भपाताचा हक्क राज्यघटनेत अभिप्रेत असल्याचे ठरवले. निकाल लिहिणारे हॅरी ब्लॅकमन हे रिपब्लिकन निक्सन यांनी नेमलेले, तर विरोधात मत देणाऱ्या दोघांपैकी बायरन व्हाइट डेमोक्रॅट केनेडी यांनी नेमलेले. तेव्हा हा प्रश्न पक्षांच्या रेषेवर विभागलेलाच नव्हता. गर्भपाताला विरोध असलेले असंख्य कॅथलिक डेमोक्रॅटिक पक्षाला मत देत, आणि पुढे प्रो-लाइफ चळवळीचे लाडके ठरलेले रोनाल्ड रेगन यांनी १९६७मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर असताना गर्भपाताचा कायदा सैल करणाऱ्या विधेयकावर सही केली होती.

निकाल घटनेच्या आधारे दिलेला असल्याने साध्या कायद्याने तो फिरवता येत नव्हता. घटनादुरुस्तीचा मार्ग १९८३मध्ये सिनेटमध्येच अडला: दोनतृतीयांश मते हवी असताना बाजूने ४९ आणि विरोधात ५० पडली. मग उरला एकच मार्ग, न्यायाधीश बदलण्याचा. रिपब्लिकन पक्षाने १९८०च्या जाहीरनाम्यातच जीवनाच्या पावित्र्याचा आदर करणारे न्यायाधीश नेमू, असे वचन दिले होते.

वचन दिले, पण फळ येईना. रेगन यांनी १९८१मध्ये सँड्रा डे ओकॉनर यांना नेमले. प्रो-लाइफ संघटनांनी कडाडून विरोध केला, तरी सिनेटने ९९ विरुद्ध ० अशी मंजुरी दिली. १९८७मध्ये ‘रो’चे कडवे टीकाकार रॉबर्ट बोर्क यांचे नाव सिनेटने फेटाळले आणि त्या जागी अँथनी केनेडी आले. १९९०मध्ये जॉर्ज बुश (थोरले) यांनी डेव्हिड सूटर यांना आणले. १९९२मध्ये ‘प्लॅन्ड पेरेंटहूड विरुद्ध केसी’ हा पेनसिल्व्हेनियाने गर्भपातावर घातलेल्या निर्बंधांचा खटला आला तेव्हा नऊपैकी आठ न्यायाधीश रिपब्लिकन राष्ट्राध्यक्षांनी नेमलेले होते. तरीही ‘रो’चा गाभा ५ विरुद्ध ४ मतांनी टिकला. तो टिकवणारा संयुक्त निकाल ओकॉनर, केनेडी आणि सूटर या तिघांनीच लिहिला. डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्षाने नेमलेले एकमेव न्यायाधीश, म्हणजे व्हाइट, मात्र विरोधात राहिले.

एवढी निराशा होऊनही हे मतदार पक्ष सोडून गेले नाहीत. एक तर दुसरे दार बंद होत चालले होते. ज्यांचे नाव त्या खटल्याला आहे ते पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर बॉब केसी डेमोक्रॅट होते आणि गर्भपातविरोधीही. १९९२च्या डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात त्यांना भाषणाची संधी मिळाली नाही. दुसरे असे की, रिपब्लिकन पक्ष वाईट नसून निवड कच्ची होती, असा धडा चळवळीने घेतला. ‘पुन्हा सूटर नको’ ही घोषणाच झाली. १९८२मध्ये कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली फेडरलिस्ट सोसायटी ही पुराणमतवादी संघटना पारखून घेतलेल्या नावांचा पुरवठा करणारे केंद्र बनली. २००५मध्ये धाकट्या बुश यांनी हॅरिएट मायर्स यांचे नाव पुढे करताच त्यांच्याच समर्थकांनी गदारोळ केला. नाव मागे घेतले गेले आणि सॅम्युअल अलिटो आले.

हा व्यवहार सर्वांत उघडा पडला तो २०१६मध्ये. फेब्रुवारीत न्यायमूर्ती अँटोनिन स्कॅलिया वारले. सिनेटमधले रिपब्लिकन नेते मिच मॅकॉनेल यांनी ओबामांनी सुचवलेल्या मेरिक गार्लंड यांची सुनावणीच होऊ दिली नाही आणि ती जागा निवडणुकीपर्यंत रिकामी ठेवली. डोनाल्ड ट्रम्प यांनी १९९९मध्ये आपण गर्भपाताच्या हक्काच्या बाजूचे असल्याचे दूरचित्रवाणीवर सांगितले होते, शिवाय त्यांचे खासगी आयुष्य चर्चमधल्या मंडळींना पचणारे नव्हते. त्यांनी मे महिन्यात संभाव्य न्यायाधीशांच्या ११ नावांची यादीच जाहीर केली. माणसावर भरवसा नसेल तर यादीवर ठेवा, असाच तिचा अर्थ. मतदानोत्तर पाहणीत २१ टक्के मतदारांनी सर्वोच्च न्यायालय हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा असल्याचे सांगितले, आणि त्यातल्या ५६ टक्क्यांनी ट्रम्प यांना मत दिले होते. गोऱ्या इव्हँजेलिकल (बायबलनिष्ठ प्रोटेस्टंट) मतदारांपैकी सुमारे ८० टक्के त्यांच्यामागे गेले. अर्थात, स्थलांतर, कर आणि धर्मस्वातंत्र्य हे मुद्देही त्यात होते. न्यायालयाचा वाटा वेगळा काढून मोजणे सोपे नाही.

ट्रम्प यांनी नेमलेल्या गॉर्सच, कॅव्हनॉ आणि बॅरेट या तिघांच्या मतांवर २४ जून २०२२चा ‘डॉब्स’ निकाल उभा राहिला. निकाल अलिटो यांनी लिहिला. पाच न्यायाधीशांनी ‘रो’ रद्द केला. सरन्यायाधीश रॉबर्ट्स यांनी खटल्यात आव्हान दिलेला मिसिसिपी राज्याचा गर्भपातबंदीचा कायदा मान्य केला, पण ‘रो’ पूर्ण मोडायला साथ दिली नाही.

त्यानंतर सौद्याचे गणित बदलले. ऑगस्ट २०२२मध्ये रिपब्लिकन कॅन्ससमध्येही सुमारे ५९ टक्के मतदारांनी त्या राज्याच्या घटनेतले गर्भपाताचे संरक्षण काढण्यास नकार दिला. २०२४च्या जाहीरनाम्यात पक्षाने देशव्यापी बंदीची जुनी मागणी गाळून विषय राज्यांवर सोडला. ट्रम्प यांचे माजी उपराष्ट्राध्यक्ष माइक पेन्स यांच्यासारखे जुने नेते नाराज झाले, तरी इव्हँजेलिकल मते ट्रम्प यांनाच पडली. निष्ठा शाबूत राहिली, पण तिच्या बदल्यात पक्षाकडून काही वसूल करण्याची ताकद घटली. २०२४च्या निवडणुकीत एकाच दिवशी मिसुरी राज्यात ट्रम्प मोठ्या फरकाने जिंकले आणि राज्याच्या घटनेत गर्भपाताच्या हक्काची दुरुस्तीही मंजूर झाली.

आता न्यायालय पाहून मत देण्याची सवय पलीकडच्या बाजूलाही लागली आहे. विस्कॉन्सिनमध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश थेट निवडून येतात. तिथे एप्रिल २०२३मध्ये जॅनेट प्रोटासिविच यांनी गर्भपाताचा मुद्दा उघडपणे पुढे ठेवून सुमारे ११ टक्क्यांच्या फरकाने निवडणूक जिंकली. न्यायालयातले बहुमत उदारमतवाद्यांकडे गेले, आणि जुलै २०२५मध्ये त्याच न्यायालयाने १८४९चा बंदीचा कायदा ४ विरुद्ध ३ मतांनी निष्प्रभ ठरवला.