बँकॉकमध्ये मुक्काम कोणत्या भागात करावा?
ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बँकॉकच्या सहलीचे बुकिंग करताना आमचे बहुतेक ग्राहक पहिल्यांदा विचारतात ते हेच, की हॉटेल शहराच्या मध्यावर आहे ना. या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, कारण बँकॉकला एकच एक मध्य नाही. पहिल्या राम राजाने १७८२ मध्ये वसवलेली जुनी राजधानी, म्हणजे रत्नकोसिन, चाओ फ्राया नदीच्या काठावर आहे. मोठे मॉल सयामच्या परिसरात आहेत, बँका आणि कचेऱ्या सिलोम-साथोनमध्ये आहेत, आणि सुखुमवित नावाचा लांबलचक रस्ता हॉटेलांच्या रांगा घेऊन आग्नेयेकडे निघून जातो. नकाशावर हे सारे हाताच्या अंतरावर दिसते. प्रत्यक्षात संध्याकाळच्या गर्दीत चार-पाच किलोमीटरला टॅक्सीने तास लागला, तर तिथे कोणाला नवल वाटत नाही. म्हणून आमचा पहिला सल्ला असा, की अंतर किलोमीटरमध्ये न मोजता स्टेशनांमध्ये मोजावे आणि हॉटेल निवडताना खोलीच्या फोटोंआधी स्टेशनपर्यंतची पायवाट पाहावी.

रस्त्यांच्या डोक्यावरून धावणारी बीटीएस ही रेल्वे डिसेंबर १९९९ मध्ये सुरू झाली आणि भुयारी एमआरटी २००४ मध्ये. दोन्ही गाड्या पहाटे साडेपाच-सहापासून साधारण मध्यरात्रीपर्यंत धावतात, मात्र त्यांची तिकिटे वेगवेगळी काढावी लागतात. जुन्या शहरात रेल्वे पोहोचत नाही, असे अनेकांनी ऐकलेले असते. ते २०१९ पर्यंत खरे होते. त्या वर्षी एमआरटीची निळी मार्गिका वाढली आणि वाट मांगकोन, साम योत, सनाम चाय ही स्टेशने सुरू झाली. सनाम चायला उतरले की वाट फो हे मंदिर चालत काही मिनिटांवर आहे. त्यामुळे राजवाडा आणि मंदिरे पाहायची म्हणून जुन्या शहरातच राहिले पाहिजे, असे आता उरलेले नाही.

सुखुमवितबद्दल थोडे सविस्तर सांगणे भाग आहे, कारण सर्वाधिक हॉटेले तिथे आहेत आणि सर्वाधिक फसगतही तिथेच होते. या रस्त्याला फुटणाऱ्या गल्ल्यांना ‘सोई’ म्हणतात. विषम क्रमांकाच्या सोई एका बाजूला आणि सम क्रमांकाच्या दुसऱ्या बाजूला असतात, पण समोरासमोरचे क्रमांक जुळत नाहीत: थाँग लो स्टेशनपाशी एका बाजूला सोई ५५ आहे, तर समोर सोई ३८. शिवाय काही सोई एक-दीड किलोमीटर आत जातात आणि शेजारच्या सोईला जोडणारी वाट त्यांत अनेकदा नसते. नकाशावर स्टेशनापासून सरळ रेषेत पाचशे मीटरवर असलेल्या हॉटेलाला जायचे, तर आधी मुख्य रस्त्यावर यावे लागते आणि मग पुन्हा आत वळावे लागते. एका कुटुंबासाठी हॉटेल निवडताना ही चूक आमच्याच हातून झाली होती. हॉटेल उत्तम होते, परंतु सोईच्या अगदी टोकाला. तरुण मंडळी नारिंगी जाकीट घातलेल्या मोटारसायकल-टॅक्सीवाल्यांच्या मागे बसून ये-जा करीत राहिली, आणि आजी मात्र तीन दिवस दुपारनंतर खोलीबाहेर पडल्याच नाहीत. तेव्हापासून आम्ही स्टेशनाच्या बाहेर पडण्याच्या जिन्यापासून हॉटेलच्या दारापर्यंतचे चालणे मोजूनच नाव सुचवतो. वयस्क व्यक्ती सोबत असल्यास ही मर्यादा आम्ही सात-आठ मिनिटांची धरतो. स्टेशनाला लिफ्ट असली, तरी ती प्रत्येक जिन्याशी नसते, हेही लक्षात ठेवावे.

पहिल्यांदाच जाणाऱ्यांना आम्ही असोकचा परिसर सुचवतो. बीटीएसचे असोक आणि एमआरटीचे सुखुमवित ही दोन स्टेशने तिथे एकमेकांना जोडलेली असल्याने शहराच्या कोणत्याही दिशेला निघता येते. मात्र असोकजवळची सोई काउबॉय आणि नाना स्टेशनाजवळची सोई ४ या मद्यालयांच्या आणि रात्रीच्या करमणुकीच्या गल्ल्या आहेत. त्या धोकादायक आहेत असे नाही, परंतु मुलांना घेऊन रोज रात्री तिथून जाणे अनेकांना अवघड वाटते. अशा कुटुंबांनी असोकहून एक-दोन स्टेशने पुढे फ्रोम फोंग किंवा थाँग लोकडे राहावे.

सयाम हे बीटीएसच्या दोन्ही मुख्य मार्गिकांचे जंक्शन आहे, त्यामुळे सोय सर्वांत जास्त आणि दरही तसेच. मध्यम खर्चात याच भागात राहायचे असेल, तर नॅशनल स्टेडियम स्टेशनासमोरच्या कासेमसान या गल्ल्या पाहाव्यात. त्यांच्या मागून सेन सेप हा कालवा वाहतो आणि त्यातून बोटीने पानफा लीलात धक्क्यापर्यंत, म्हणजे जुन्या शहराच्या वेशीपर्यंत, वाहतूक चुकवून जाता येते. बोटीत पाण्याचे शिंतोडे उडतात आणि पाणी काही स्वच्छ नाही. पांढरे कपडे घालून बसू नये.

खरेदीसाठी जाणारे आणि भारतीय जेवणाची सोय हवी असणारे अनेक गट प्रतुनाममध्ये उतरतात. प्रतू म्हणजे दार आणि नाम म्हणजे पाणी; सेन सेप कालव्यावरील जलद्वारावरून हे नाव पडले. कपड्यांचा घाऊक बाजार हॉटेलाच्या दारात असणे ही इथली मोठी सोय आहे. अडचण अशी, की बीटीएसचे स्टेशन बहुतेक हॉटेलांपासून चांगलेच चालायचे असते आणि रस्ते दिवसभर तुंबलेले असतात. चार दिवसांपैकी तीन दिवस खरेदी असेल तरच आम्ही प्रतुनाम सुचवतो.

नदीकाठी राहणे हा आमच्या मते बँकॉकमधला सर्वांत सुखद मुक्काम आहे, फक्त धक्का पाहून हॉटेल निवडावे. बीटीएसच्या सफान ताक्सिन स्टेशनाखालीच साथोन धक्का आहे आणि तिथून बोटी राजवाडा, वाट फो आणि पलीकडच्या वाट अरुण या मंदिराकडे जातात. काठावरची अनेक मोठी हॉटेले या धक्क्यापर्यंत स्वतःची बोट चालवतात. नियमित प्रवासी बोटी मात्र संध्याकाळनंतर थांबतात, तेव्हा रात्री उशिरा परतणाऱ्यांनी स्टेशनाजवळचेच हॉटेल घ्यावे.

खाओ सान रस्ता तरुणांना आवडतो. तिथे रात्री उशिरापर्यंत गाणी वाजत असतात आणि रेल्वेचे स्टेशन लांब आहे. झोप हवी असल्यास जवळच्या फ्रा आथित किंवा सामसेन रस्त्यालगत राहावे. याओवारात या चिनी वस्तीत संध्याकाळी खाद्यपदार्थांच्या गाड्या लागतात, पण शाकाहारी माणसाची तिथे एरवी कुचंबणाच होते. अपवाद साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये येणाऱ्या शाकाहार उत्सवाचा: त्या दिवसांत लाल अक्षरांची पिवळी निशाणे लावलेल्या गाड्यांवर मांस-मासे नसतात. कांदा-लसूणही नसतो, हे आमच्या अनेक ग्राहकांना विशेष पथ्यावर पडते. जवळच्या फाहुरातमध्ये गुरुद्वारा आहे आणि भारतीय खाद्यगृहेही आहेत. सिलोममध्ये राहिल्यास लुम्फिनी उद्यानात सकाळी फिरता येते. तळ्याकाठी मोठमोठ्या घोरपडी निवांत हिंडताना दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

विमानतळाचाही विचार करावा, कारण बँकॉकला दोन विमानतळ आहेत. सुवर्णभूमीहून फया थाई या बीटीएस स्टेशनापर्यंत रेल्वेने ४५ बाट आणि सुमारे अर्धा तास लागतो. डॉन मुआंगहून २०२१ मध्ये सुरू झालेली लाल मार्गिका क्रुंग थेप आपिवात या मुख्य स्थानकाला येते आणि तिथे एमआरटी मिळते. सुवर्णभूमीचा स्थानिक उच्चार ‘सुवन्नाफूम’ असा होतो. आपला उच्चार चालकाला कळला नाही, तर गोंधळून जाऊ नये. चार रात्रींपर्यंतच्या सहलीत हॉटेल बदलू नये, असे आमचे मत आहे, कारण सामान बांधणे आणि खोली मिळण्याची वाट पाहणे यांत अर्धा दिवस जातो.

१३ ते १५ एप्रिलला सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष असते आणि खाओ सान व सिलोम हे पाणी उडवण्याचे मुख्य रस्ते असतात. त्या दिवशी तिथे पोहोचणाऱ्यांचे सामानही भिजते, म्हणून त्या तारखांना आम्ही या दोन भागांत बुकिंग करीत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमधल्या जोरदार पावसात काही सखल सोईंमध्ये पाणी साचते. त्या काळात स्टेशनाला छपराच्या पुलाने जोडलेले हॉटेल थोडे महाग असले, तरी घ्यावे.

बुकिंगसाठी येताना विमानाच्या वेळा, सोबतच्या सर्वांची वये, जिने चढण्यातील अडचणी आणि रोज सकाळी कुठे जायचे आहे, एवढे लिहून आणावे. हॉटेल निश्चित झाल्यावर त्याचे नाव, पत्ता आणि जवळच्या स्टेशनाचा निर्गमन क्रमांक थाई लिपीत छापलेले कार्ड आम्ही प्रत्येक प्रवाशाला देतो. ते पासपोर्टसोबत न ठेवता खिशात ठेवावे.