फ्रेंचची बी २ तोंडी परीक्षा: आपण तयार आहोत का?

डेल्फ या फ्रेंच परीक्षेच्या बी २ पातळीसाठी नाव नोंदवण्याआधी अनेक विद्यार्थी फ्रेंच रेडिओ ऐकून, बातम्या वाचून स्वतःचा अंदाज घेतात. बहुतेक सारे समजले की बोलणेही जमेल असे वाटू लागते. पण या अंदाजाला फारसा आधार नसतो.

ऐकताना शब्द समोर आलेले असतात, ते फक्त ओळखायचे असतात. बोलताना ते स्मृतीतून स्वतः शोधून काढावे लागतात. नेदरलँड्समधील भाषामानसशास्त्रज्ञ विलेम लेव्हेल्ट यांनी १९८९ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार बोलण्यात आशय ठरवणे, त्याला शब्द व व्याकरणाचे रूप देणे आणि उच्चारणे ही कामे जवळजवळ एकाच वेळी चालतात. मातृभाषेत मधले काम आपोआप होते. शिकलेल्या भाषेत नामाचे लिंग, क्रियापदाचे रूप, ‘बियँ क’ (म्हणजे ‘जरी’) नंतर येणारे सब्जंक्टिव हे क्रियापदाचे खास रूप यांकडे लक्ष द्यावे लागते आणि तेवढे लक्ष मुद्द्यावरून उडते.

आत्मविश्वासही येथे फसवतो. अमेरिकेतील रोडिगर आणि कार्पिक यांच्या २००६ मधील प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना तो चांगला लक्षात राहील असा भरवसा अधिक होता. आठवड्यानंतर मात्र ज्यांनी न पाहता तो आठवून लिहिला होता, त्यांनाच तो अधिक आठवला. पाठ केलेली वाक्ये वहीतून वारंवार वाचून तयारी झाल्यासारखे वाटते, ते याच जातीचे.

परीक्षेत उमेदवार दोन विषयांच्या चिठ्ठ्या काढून त्यांतील एक निवडतो. तीस मिनिटांच्या तयारीनंतर तो पाच ते सात मिनिटे आपले मत मांडतो आणि मग परीक्षकांशी सुमारे दहा ते तेरा मिनिटे वाद-संवाद होतो. घरी चाचणी घ्यायची तर अगदी अशीच घ्यावी: विषय अनोळखी, टिपणांत पूर्ण वाक्ये नाहीत, शब्दकोश बंद आणि मोबाइलवर ध्वनिमुद्रण सुरू. ते लगेच ऐकू नये. म्हणायचे काय होते हे डोक्यात ताजे असल्याने कान गाळलेल्या जागा भरून घेतात.

दुसऱ्या दिवशी ऐकताना चुका मोजण्याआधी विराम कोठे पडले ते पाहावे. विचार संपल्यावर, वाक्य किंवा उपवाक्य पूर्ण झाल्यावर थांबणे मातृभाषकही करतात. नाम आणि त्याच्या विशेषणाच्या मध्येच खंड पडत असेल, तर अडचण शब्द हाती न येण्याची आहे. भाषेच्या पातळ्या ठरवणाऱ्या युरोपीय भाषा-चौकटीतील बी २ चे वर्णनही योग्य शब्दरचना शोधताना होणारी चाचपड मान्य करते. ठळकपणे लांब विराम मात्र थोडेच असावेत, असे म्हणते. तुरळक, गैरसमज न करणाऱ्या चुकाही तेथे चालतात, त्यामुळे नामाचे लिंग दाखवणाऱ्या ‘ल’ किंवा ‘ला’ या शब्दांतील एखाद्या चुकीसाठी झोप उडवून घेण्याचे कारण नाही.

माझ्या मते खरी कसोटी दुसऱ्या भागात, म्हणजे वाद-संवादात लागते, आणि सरावात नेमका तोच सुटतो, कारण त्याला समोर माणूस लागतो. त्या माणसाने मुद्दाम विरोधी बाजू घ्यावी. उमेदवार पहिलेच वाक्य वेगळ्या शब्दांत पुन्हा म्हणतो, की आक्षेपाचा काही भाग मान्य करून स्वतःचे मत सावरतो, हे दोन-तीन प्रश्नांत कळते.

तोंडी भागाला पंचवीस गुण असतात. एकूण शंभरांपैकी पन्नास आणि प्रत्येक भागात किमान पाच मिळाले की प्रमाणपत्र मिळते. त्यामुळे लेखी भाग भक्कम असलेल्याने थोडा धोका पत्करायला हरकत नाही. परंतु वेगवेगळ्या विषयांवरच्या ध्वनिमुद्रणांत वाक्ये मध्येच तुटत असतील आणि विरोध होताच संवाद थांबत असेल, तर पुढच्या सत्राची तारीख पाहावी.